तोडीस तोड पैलवान: टेबलटॉप खेळासाठी घरचा क्लास कसा बांधायचा

सांगलीत विश्रामबागला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही काही जण दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा कल्पनेतल्या साहसांचा खेळ) खेळतो. मधे भडंगाचं पातेलं असतं आणि तेलकट बोटांनी फासे धरायचे नाहीत हा एकच कडक नियम असतो. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाने हट्ट धरला: मला फायटर नको, बार्बेरियन नको, मला पैलवान पाहिजे. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मीच होतो, म्हणून तो क्लास (पात्राचा प्रकार आणि त्याचे नियम) बांधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिला प्रयत्न साफ आपटला. त्या आपटण्यातून आणि नंतरच्या डागडुजीतून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहितोय. तुम्हाला पैलवान नको असेल, पाणाड्या किंवा गोंधळी बांधायचा असेल, तरी रीत हीच.

आधी एक गोष्ट नक्की करून घ्या. समतोल म्हणजे नेमका कोणाशी? नवखा माणूस आपला क्लास राक्षसाशी तोलतो. पण राक्षस डीएमच्या हातात असतो, तो कमी-जास्त करता येतो. आपल्याकडे मैदानाआधी वस्ताद मंडळी जोडी लावायला बसतात तेव्हा वजन बघतात, तयारी बघतात, गेल्या मैदानात कोण कोणाशी किती वेळ टिकला ते आठवतात. क्लासची जोडही अशीच लावायची, आणि ती शेजारी बसलेल्या साथीदाराशी. पैलवान आल्यावर फायटर घेतलेल्या माणसाला ‘मग मी कशाला आलो?’ असं वाटलं, तर क्लास फसला.

क्लासच पाहिजे का, ते आधी तपासा

१९७४ साली हा खेळ निघाला तेव्हा त्यात तीनच क्लास होते: लढणारा, जादू करणारा आणि क्लेरिक (देवाच्या कृपेवर मंत्र चालवणारा). २०१४च्या नियमपुस्तकात बारा आहेत. म्हणजे बऱ्याच कल्पना आधीच्या क्लासच्या पोटात बसतात. शाहीर म्हणजे थोडा रंग बदललेला बार्ड. जंगल जाणणारा धनगर रेंजरमध्ये मावतो. अशा वेळी सबक्लास, म्हणजे असलेल्या क्लासची पोटशाखा, लिहा, चार-पाच क्षमतांत काम होतं.

माझी कसोटी साधी आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या लेव्हलच्या लढाईतला या पात्राचा एक टर्न (एक पाळी) कागदावर लिहून काढा. तो ‘फायटरचा टर्न अधिक एक बोनस’ असा दिसला तर तो सबक्लास. पैलवानाचा टर्न मी असा लिहिला: पुढच्याला धरलं, आता त्याला उभा ठेवू की पाडू, पाडला तर कोणाच्या बाजूला पाडू? फायटरला हे प्रश्न पडत नाहीत. म्हणून क्लास. मग एका वाक्यात कल्पना मांडा. आमचं वाक्य होतं: ‘पैलवान एका शत्रूला स्वतःशी बांधून ठेवतो आणि बाकीच्यांना मोकळं करतो.’ पुढे प्रत्येक क्षमता या वाक्यापुढे उभी करायची. जी वाक्यात बसत नाही ती कितीही भारी वाटली तरी कापायची. मी हनुमानाच्या वरदानाची एक झकास उडी लिहिली होती, ती अशीच गेली. अजून वाईट वाटतं.

सांगाडा

हे काम कंटाळवाणं आहे पण तासाभरात उरकतं. हिट डाय (पात्र किती मार सोसेल ते ठरवणारा फासा) ठरवा: विझार्ड-सॉर्सररला डी६ (सहा बाजूंचा फासा), क्लेरिक-रोगसारख्या मधल्या फळीला डी८, फायटर-पॅलाडिनला डी१०, आणि डी१२ एकट्या बार्बेरियनला. पैलवान म्हटल्यावर हात आपोआप डी१२कडे जातो, पण मी डी१० दिला. तो रोखून धरणारा आहे, मार खाऊन उभा राहणं हे बार्बेरियनचं दुकान आहे.

सेव्हिंग थ्रो (मंत्रातून किंवा संकटातून वाचायला टाकायचा फासा) दोन द्यायचे, त्यातही एक रीत आहे. डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) आणि विझडम हे वारंवार लागणारे, तर स्ट्रेंग्थ (ताकद), इंटेलिजन्स, करिझ्मा हे क्वचित लागणारे. पुस्तकातल्या प्रत्येक क्लासला पहिल्या गटातला एक आणि दुसऱ्यातला एक मिळतो. पैलवानाला स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशन.

चिलखत नाही. एसी (वार लागायला समोरच्याने गाठायचा आकडा) म्हणजे दहा अधिक डेक्स्टेरिटी अधिक कॉन्स्टिट्यूशन, बार्बेरियनसारखा. मात्र ढाल चालणार नाही, दोन्ही हात मोकळे लागतात. हाताचा मार डी८, आणि तो सगळ्या लेव्हलना डी८च. यामागचं गणित पुढे येतं. स्ट्रेंग्थ-डेक्स्टेरिटीसारख्या आकड्यांची वाढ ४, ८, १२, १६ आणि १९ या लेव्हलना, सगळ्यांसारखी. तिथे हुशारी करू नका.

ताकद की चपळाई, यावर आमच्यात बराच वाद झाला. खेळाडूचं म्हणणं बिनतोड होतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले ते बँटमवेट गटात. पैलवान म्हणजे धिप्पाड देह हे खरं नाही, मग पकड डेक्स्टेरिटीवर का नको? माणूस म्हणून मला पटलं, डीएम म्हणून मी नाही म्हटलं. या खेळात डेक्स्टेरिटी आधीच एसी वाढवते, इनिशिएटिव्ह (आधी कोणाची पाळी ते ठरवणारा आकडा) वाढवते आणि फायरबॉलसारख्या मंत्रापासून वाचवते. पकडही तिच्यावर चढवली तर स्ट्रेंग्थला कोणी विचारणार नाही. तडजोड अशी निघाली की कसब आकाराच्या नियमात दाखवायचं. मूळ नियमात आपल्यापेक्षा फार तर एक माप मोठ्या शत्रूला धरता येतं. सहाव्या लेव्हलपासून पैलवानाला दोन मापं मोठा चालतो. माणसाने हत्तीएवढ्या जनावराला अडवलेलं टेबलावर बघायला मजा येते, आणि आकडे फुगत नाहीत.

गणित: पासष्ट टक्के

इथे घाई करू नका. घरचे बहुतेक क्लास इथेच गडगडतात.

डीएमच्या पुस्तकात राक्षसांचं कोष्टक आहे. त्यात पहिल्या चॅलेंज रेटिंगला (राक्षस किती अवघड त्याचा आकडा) एसी १३, पाचव्याला १५, अकराव्याला १७. आता स्ट्रेंग्थ वेळच्या वेळी वाढवणारा योद्धा घ्या. पहिल्या लेव्हलला वार करताना फाशात मिळवायचा त्याचा बोनस +५, पाचव्याला +७, अकराव्याला +९. तिन्ही ठिकाणी डी२०वर आठ किंवा जास्त लागतात, म्हणजे पासष्ट टक्के. हा आकडा पाठ करा.

पाचव्या लेव्हलचा फायटर दोन हातांची मोठी तलवार दोनदा चालवतो. दर वाराला २डी६+४, सरासरी ११. दोन वार २२, त्याचे पासष्ट टक्के १४.३. हे आपलं माप. (क्रिटिकल आणि फायटिंग स्टाइल बाजूला ठेवलंय, तुलनेला पुरतं.)

पैलवानाचा डी८+४ म्हणजे ८.५, दोनदा १७, पासष्ट टक्के धरून ११. कमी दिसतो ना? म्हणूनच पहिल्या प्रतीत मी त्याला डी१२ देऊन बसलो होतो. पण पैलवान शत्रूला पाडतो. पडलेल्याच्या पाच फुटांत उभं राहून मारणाऱ्याला ॲडव्हांटेज मिळतो, दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. पासष्ट टक्क्यांचे होतात जवळजवळ अठ्ठ्याऐंशी. धरलेल्याचा वेग शून्य असतो, त्यामुळे त्याला उठताही येत नाही. आता पैलवानाचे १७ गुणिले ०.८७७५ म्हणजे १४.९. डी८वरच तो फायटरच्या पुढे गेला.

आणि गोष्ट इथे संपत नाही. शेजारी तलवार घेऊन उभ्या फायटरलाही तोच ॲडव्हांटेज, त्याचे १४.३चे १९.३ होतात. हे जादा पाच गुण पैलवानाच्या खात्यात लिहायचे, फायटरच्या नाही. मदतीतून होणारं नुकसान न मोजणं ही मी केलेली सगळ्यात महागडी चूक.

उलट बाजूही मांडा. २०१४च्या नियमांत धरायला एक वार खर्च होतो आणि पाडायला दुसरा. म्हणजे पाचव्या लेव्हलच्या पैलवानाचा पहिला टर्न पूर्ण त्यातच जातो, मार शून्य. आमच्या लढाया साधारण तीन राउंड (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) चालतात. दोन टर्नचे मिळून २९.८, फायटरला दिलेली भर तीनदा पाच म्हणजे १५, एकूण ४४.८. त्याच्या जागी दुसरा फायटर असता तर ४२.९. याला म्हणतात तोडीस तोड. पकड पहिल्याच झटक्यात बसली असं इथे धरलंय, ती नेहमी बसत नाही, तेव्हा दोन गुणांची आघाडी बोचत नाही.

पकड बसायची शक्यता वेगळी मोजा. दोघेही डी२० टाकून आपापला आकडा मिळवतात. पैलवानाचं ॲथलेटिक्स (ताकदीचं कौशल्य) +७ विरुद्ध राक्षसाचं +४ असेल तर सुमारे ६२ टक्के, बरोबरी झाली की हार. एक्स्पर्टीज दिली, म्हणजे प्राविण्य (लेव्हलबरोबर वाढणारा बोनस) दुप्पट केलं, की ७४. पाचव्या लेव्हलला हे गोड वाटतं. पण प्राविण्य शेवटी +६ होतं, तेव्हा पैलवान +१७वर पोचतो आणि +७च्या राक्षसालाही ८६ टक्के वेळा धरतो. त्या खेळात फासा टाकायला अर्थ उरत नाही. म्हणून एक्स्पर्टीज काढली आणि त्याऐवजी दम खर्च करून फासा पुन्हा टाकायची सोय दिली. कायमचा आकडा वाढवण्यापेक्षा संपणारी सोय देणं केव्हाही बरं.

तुमचा गट २०२४चे नियम वापरत असेल तर हे उत्तर बदलेल. तिथे पकडताना समोरचाच सेव्हिंग थ्रो टाकतो, आठ अधिक स्ट्रेंग्थ अधिक प्राविण्य या डीसीविरुद्ध (गाठायचा आकडा). एक्स्पर्टीजचा तिथे उपयोगच नाही. आधी कुठली आवृत्ती ते ठरवा, मग लिहायला बसा.

दम

प्रत्येक क्लासला काहीतरी मोजून खर्चायला लागतं. मंकला ‘की’ नावाची शक्ती, विझार्डला स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधी), आम्ही ‘दम’ म्हटलं. सुरुवातीला मंकसारखा लेव्हलइतका दम दिला आणि तो शॉर्ट रेस्टने (तासाभराची विश्रांती) भरायचा. दहाव्या लेव्हलला दहा दम, डाव एक-एक दमाचे. संपणार कधी?

तुमच्या टेबलावर दिवसात किती लढाया होतात ते आधी बघा. आमच्याकडे रविवारी एक, फार तर दोन, आणि शॉर्ट रेस्ट कोणी घेत नाही कारण सगळ्यांना पुढे जायची घाई असते. अशा टेबलावर शॉर्ट रेस्टवर जगणारा क्लास उपाशी मरतो. वॉरलॉक खेळणाऱ्या कोणालाही विचारा. म्हणून दम प्राविण्याच्या दुप्पट ठेवला: दुसऱ्या लेव्हलला ४, पाचव्याला ६, सतराव्याला १२. भरतो लाँग रेस्टने (रात्रभराची विश्रांती). दहाव्या लेव्हलला ‘शड्डू’: इनिशिएटिव्ह टाकताना दम शून्य असेल तर एक परत येतो. तालमीत शड्डू ठोकल्यावर हरलेल्या गड्यालाही हुरूप येतो, तेवढंच.

डाव, आणि चितपटीचा घोटाळा

पहिल्या लेव्हलला पकड: धरलेल्या शत्रूला पैलवान सोडून दुसऱ्यावर हल्ला करताना डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून लहान घ्यायचा). दुसऱ्या लेव्हलला दम आणि दोन डाव. धोबीपछाडने धरलेल्याला पाडायचं आणि पाच फूट हव्या त्या बाजूला टाकायचं. बगलडूबने शत्रूच्या काखेखालून पलीकडे जायचं, त्याला रिॲक्शनचा (दुसऱ्याच्या पाळीत मारायचा) वार मिळत नाही. पट काढणं पाचव्या लेव्हलला, घिस्सा नवव्याला.

डाव लिहिताना बघायचं ते हे की एकच डाव कायम सरस ठरू नये. इथे नियमांनीच मदत केली. पडलेल्यावर जवळून मारणाऱ्याला फायदा, पण लांबून बाण मारणाऱ्याला तोटा. त्यामुळे आमची रेंजर ओरडते, ‘पाडू नको रे, नुसता धरून ठेव,’ आणि फायटर ओरडतो, ‘पाड!’ पैलवानाने कोणाचं ऐकायचं? दर टर्नला हा प्रश्न पडतो, आणि माझ्या मते क्लासमधली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे. मी ती ठरवून केली असं सांगायला आवडलं असतं.

आता चितपट. कुस्ती चितपटीनेच संपते, म्हणून पहिल्या प्रतीत तिसऱ्या लेव्हललाच लिहिलं: धरलेला आणि पडलेला शत्रू चितपट, त्याला काहीही करता येत नाही. खेळाडू खूश. पुढच्याच रविवारी मी तीन आठवडे तयारी केलेला सरदार दोन राउंडमध्ये माती चाटत पडला. क्लेरिक घेतलेला मित्र त्या लढाईत एकदाही फासा न टाकता भडंग खात बसला होता. तो काही बोलला नाही, पण मला कळलं.

इथून शिकलेली कसोटी: नवी क्षमता त्याच लेव्हलच्या मंत्राशेजारी ठेवून बघा. तिसऱ्या लेव्हलला विझार्डला होल्ड पर्सन मिळतो. तोही शत्रूला जखडतो, पण फक्त माणसासारख्या प्राण्याला, स्लॉट खर्चून, कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) सांभाळत, आणि समोरच्याला दर टर्नला सुटायची संधी देत. माझ्या चितपटीला यातली एकही अट नव्हती. आता चितपट सातव्या लेव्हलला आहे, दोन दम लागतात, शत्रूला दर टर्नच्या शेवटी कॉन्स्टिट्यूशनचा थ्रो मिळतो, आणि परिणाम स्लो मंत्रासारखा: रिॲक्शन नाही, एका टर्नला एकच वार. स्लो पाचव्या लेव्हलला सहा जणांवर पडतो, आपला एकावर. चालतंय.

साथीदारांच्या मंत्रांशी गाठ

क्लास एकटा तोलून भागत नाही. पहिल्या लेव्हलला मी अजून एक निरुपद्रवी वाटणारी क्षमता दिली होती: धरलेल्याला ओढत नेताना वेग अर्धा होत नाही. मग ड्रुइडने काटे उगवणारा स्पाइक ग्रोथ टाकला. त्यात दर पाच फुटांना २डी४ नुकसान. पैलवान कडेकडेने चालत शत्रूला काट्यांतून तीस फूट फरफटत घेऊन गेला: १२डी४, सरासरी ३०. पाचव्या लेव्हलला मिळणारा फायरबॉल सरासरी २८ देतो, आणि आमचे लोक तिसऱ्या लेव्हलला होते. शिवाय हे दर टर्नला! अर्ध्या वेगाने तोच आकडा १५ होतो. ती क्षमता सहाव्या लेव्हलला गेली.

म्हणून कागदावर एक यादी करा: जागा व्यापणारे मंत्र, ढकलणारे मंत्र, ॲडव्हांटेजवर जगणारे क्लास. प्रत्येकाशी आपली क्षमता जोडून बघा. तसंच एक लेव्हल उसनी घेणाऱ्यांचा विचार करा. मल्टिक्लास (एका पात्रात दोन क्लास मिसळणं) चालत असेल तर कोणीतरी पैलवानाची एकच लेव्हल घेऊन चिलखताशिवायचा एसी आणि पकड पळवणार. म्हणूनच दम दुसऱ्या लेव्हलला ठेवला, पहिलीला नाही.

कमजोर जागा बुजवू नका. भूत धरता येत नाही. उडणारा हाताला लागत नाही. खेळाडू कुरकुरतो, पण त्याच दिवशी क्लेरिक आणि रेंजर चमकतात.

सबक्लास तिसऱ्या लेव्हलला तीन लिहिले: माती, मॅट आणि वस्ताद. मातीवाला पकड घट्ट करतो, मॅटवाला चपळ हालतो, वस्ताद स्वतःचा दम खर्चून साथीदाराला फासा पुन्हा टाकायला देतो. माती चांगली की मॅट यावर टेबलावर अर्धा तास भांडण झालं, ते खेळाबाहेरचं होतं.

भाषा

मराठीत नियम लिहिताना एक शब्द एकाच अर्थाने वापरा. माझ्या पहिल्या प्रतीत होतं: ‘पैलवान शत्रूला दाबून धरतो आणि तो हलू शकत नाही.’ दाबून धरणं म्हणजे पकड की चितपट? हलू शकत नाही म्हणजे वेग शून्य की हातही हलत नाही? आता असं आहे: ‘तुमच्या पकडीत असलेल्या आणि पडलेल्या एका शत्रूवर, ॲक्शन वापरून, दोन दम खर्च करा.’ कोणावर, कशाने, किती खर्चून, किती वेळ, सुटका कशी, या क्रमाने लिहिलं की वाद निम्मे होतात. ॲक्शन, रिॲक्शन, सेव्ह हे शब्द तसेच ठेवा. त्यांची भाषांतरं करून बघितली, टेबलावर कोणी वापरली नाहीत.

क्लास इंटरनेटवर टाकणार असाल तर पुस्तकातला मजकूर उतरवू नका. मूळ नियमांचा एसआरडी ५.१ हा संच २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात खुला आहे, श्रेय देऊन तेवढाच वापरा.

खेळून बघणं

पहिली, पाचवी आणि अकरावी अशा तीन लेव्हलना तपासा, कारण ताकदीच्या उड्या तिथेच बसतात. एकच लढाई दोनदा खेळा, एकदा पैलवानासह, एकदा त्याच्या जागी पुस्तकातला फायटर घेऊन. राउंड किती लागले, कोणाचे किती हिट पॉइंट गेले, ते वहीत लिहा. मोबाइलवर टर्नचा वेळही लावा. आमच्या पैलवानाचा टर्न सुरुवातीला चार मिनिटं चालायचा, डाव सहाचे चार केल्यावर दीडवर आला. लांबणारा टर्न हाही असमतोलच, आकडे बरोबर असले तरी.

मत विचाराल तर क्लास खेळणाऱ्याला शेवटी विचारा. त्याला तो आवडणारच. आधी बाकीच्यांना विचारा, आणि ‘कसा वाटला?’ असं नको. ‘आज तू काय केलंस जे दुसऱ्या कोणाला जमलं नसतं?’ असं विचारा. उत्तर द्यायला कोणी अडखळला तर त्याच्या क्लासचं काम तुमच्या क्लासने खाल्लंय.

एका वेळी एकच बदल करा. मी एकदा डी१२चा डी८ आणि दमाची मोजणी एकाच आठवड्यात बदलली. पैलवान मरतुकडा झाला आणि कशामुळे ते कळेना. जुनी प्रत परत काढावी लागली.

सध्या सहावी प्रत चालू आहे. अकराव्या लेव्हलला तिसरा वार द्यायचा की घिस्सा वाढवायचा, यावर खेळाडूचं आणि माझं एकमत नाही. येत्या रविवारी एकच लढाई दोन्ही प्रकारांनी खेळायची ठरलीय, आणि निकाल क्लेरिक देणार.